पटावर एकोणीस

१२ सप्टेंबर
एकोणीस! आठवी, नववी, दहावी मिळून अख्ख्या शाळेचा पट एकोणीस. तीस तारखेला साहेब तपासणीला येणार. वीस भरले नाहीत तर शाळा बंद आणि सगळी मुलं अकरा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "क्लार्कबाई, काहीही करा, पण एक मूल आणा." मी काय कपाटात ठेवलंय मूल?

१३ सप्टेंबर
माहितीचा तक्ता रजिस्टरावरून भरला. मुलगे नऊ, मुली दहा. घरी बोलायच्या भाषा चार. भावंडांच्या जोड्या तीन. सगळ्यात लांबून येणारी पावणेसात किलोमीटर सायकल मारून घंटेआधी हजर. सगळ्यात जवळचा फाटकासमोर राहतो – तो रोज उशिरा. एवढीशी शाळा आणि काय एकेक नग! भरताना एकटीच हसत बसले.

१७ सप्टेंबर
गणिताचे सर माझ्या खिडकीशी आले. "मघाशी मैदानावर डोकी मोजली. वीस भरतात." म्हटलं, सर, रजिस्टर मी लिहिते, पुन्हा मोजा. गेले बिचारे बोटं मोजत. आणि हा माणूस दहावीला गणित शिकवतो!

१८ सप्टेंबर
लेक रुसली. "आई, सगळ्यांना ओळखपत्रं मिळाली. माझं कुठंय?" म्हटलं, आधी लोकांच्या मुलांचं, मग घरचं. तोंड फुगवून नववीत जाऊन बसली.
जूनमध्ये मोठ्या शाळेतून काढून तिला इथे आणली, तेव्हापासून पोर खुललीय. तिथे साठजणांच्या वर्गात तोंड उघडत नव्हती, इथे गप्प बसत नाही. शाळा बंद झाली तर पुन्हा तिथेच जाणार. नको रे बाबा.

२३ सप्टेंबर
बेकरीवाल्याची भाची त्याच्याकडे राहायला आलीय, असं कळलं. लगेच गाठला. गोड गोड बोलले, नको असताना दोन पाव जास्त घेतले. "ताई, तिचं नाव कालच मोठ्या शाळेत घातलं की." पाव घेऊन परत.

२९ सप्टेंबर
मुख्याध्यापिकाबाई आज कुणालाच रागावल्या नाहीत. लक्षण ठीक नाही.

३० सप्टेंबर
साहेबांनी सकाळीच वर्गांतून फिरून डोकी मोजली. "हजर वीस. रजिस्टरात एकोणीस. हे जास्तीचं कोण?" गणिताचे सर माझ्याकडे बघून गालात हसले.
सगळ्यांना मैदानावर आणून मी नावं पुकारली. पुकारलेलं मूल एका बाजूला. शेवटी एकटीच उरली. माझी लेक!
नववीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "यादीत नव्हती खरी, पण ती काय, तुमच्याबरोबरच येते ना." लेक म्हणते, "मला वाटलं, स्टाफच्या मुलांचं असंच असतं." अर्ज खिडकीतून आत येतात आणि मी कायम आतच बसलेली. तिचा जुन्या शाळेचा दाखला जूनपासून माझ्याच खणात!
साहेब हसू दाबत म्हणाले, "प्रवेशाची मुदत आज पाचपर्यंत आहे, बाई."
मी बाहेर जाऊन खिडकीपुढे उभी राहिले. मुख्याध्यापिकाबाईंनी आतून कोरा अर्ज दिला. लिहिताना रडतही होते, हसतही होते.

३० सप्टेंबर, पाच वाजता
पट वीस. मुली अकरा. ओळखपत्र आधी तिचं केलं.