बिघाड कुठे होता

अब्बा, तुम्ही चुकला होतात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आता हे बोलण्यात अदब नाही, तरी बोलते. घरात आपण हिंदीच बोलायचो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे भांडायला मला मराठीच बरी पडते.

अकोल्याच्या आपल्या दुकानात तुम्ही आधी रेडिओ दुरुस्त करायचात, मग घड्याळं, मग मोबाईल. तिसरीत शाळा सुटलेला माणूस, कुणी न शिकवता, उघडून पाहून सगळं शिकला. त्याचा तुम्हाला अभिमान होता, मलाही होता. पण त्यामुळेच तुम्हाला वाटायचं की वस्तू कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस. "मशीनले दोष देऊन कोणी कारीगर होत नाही," असं तुम्ही गिऱ्हाइकाला ऐकवायचात. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. गावोगावची पोरं सुरतेला, पुण्याला कामाला निघाली होती आणि जाताना घरात एक मोबाईल ठेवून जात होती. ज्यांच्या हाती तो पडायचा, त्यांना त्याच्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

पातूरकडची ती बाई तुम्हाला आठवते का? मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, दुपारी दुकानात बसायचे. ती सरकारी दवाखान्यातून चालत आली. रुमालात बांधलेला फोन तिनं काउंटरवर ठेवला. "भाऊ, ह्याच्यात काय बिघाड हाय तेवढं पाहून द्या. वावरात चाललाच नाही." नवऱ्याला वावरात घोणस चावली होती. दिराकडे मोटरसायकल होती, त्याला फोन लावायचा होता. तिनं सगळी बटणं दाबली, पण फोनला आपोआप कुलूप लागलेलं, आणि ते उघडायची दोन बटणं कोणती हे पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं. शेवटी ती चिखलातून सडकेपर्यंत पळाली. माणूस वाचला, पण उजवा पाय घोट्यापासून कापावा लागला.

तुम्ही फोन उघडला, पुसला, लावून पाहिला. आणि म्हणालात, "बिघाड काहीच नाही बाई. फोन चांगला हाय. तुमालेच चालवता येत नाही." "मंग माह्याच हातानं झालं म्हना," असं म्हणून तिनं तो परत रुमालात बांधला.

मी म्हणाले, "अब्बा, तिची काय चूक? फोनच असा बनवलाय." तुम्ही काउंटरवर हात आपटलात. "चुप बैठ." सगळ्या दुकानासमोर. मी चूप बसले नाही, उठून तिच्या मागे गेले. दवाखान्याच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. ते आपोआप लागणारं कुलूप मी बंद करून टाकलं आणि दोनच्या बटणावर दिराचा नंबर लावून दिला. "हे दाबून धरा, बस." तिनं धरलं. पलीकडून आवाज आला तशी दचकली. "काही नाही भाऊजी, पाहून राहिली होती," एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि मला विचारलं, "एवढंच होतं?"

अब्बा, माझी सगळी नोकरी मी त्या दोन शब्दांवर केली. तुम्ही लोकांना सांगायचात, बेटी अमरावतीत इंजिनिअर आहे, मशिनी बनवते. मशिनी दुसरे बनवायचे. मी फक्त माणसाचं बोट जिथे पडतं तेवढी जागा बनवायचे. विहिरीवरची मोटर घरून चालू-बंद करायचा डबा आम्ही तयार केला, तेव्हा त्याला सात बटणं होती. आमचे मोठे साहेब म्हणाले, शेतकऱ्यांना ट्रेनिंग देऊ. मी म्हणाले, ट्रेनिंग लागतं म्हणजे आपण चुकलो. ते हसले. "तू वापरणाऱ्याचे फारच लाड करतेस. थोडं डोकं त्यानंही लावावं."

मग आम्ही हिवरखेडला एका संत्र्याच्या बागेत डबा दाखवायला गेलो. आदल्या दिवशी मी सातही बटणांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, तुम्ही शिकवलेल्या उर्दू अक्षरांत. दहा-बारा शेतकरी उभे होते. मी डबा साहेबांच्या हातात दिला. "सर, मोटर चालू करा." त्यांनी एक बटण दाबलं, मग दुसरं. मोटर काही सुरू होईना. "हे काय लिहिलंय?" "चालू, बंद, असंच काहीबाही. थोडं डोकं लावा ना, सर." बागेचा मालक, पिकल्या मिशांचा म्हातारा, खो खो हसला. "साहेब, आता कसं वाटून राह्यलं?" नोकरी जाईल हे दिसत होतं, तरी मी चिठ्ठ्या काढल्या नाहीत. परतीच्या वाटेवर, अमरावती जवळ आल्यावर, जीपमध्ये साहेबांनी विचारलं, "किती बटणं ठेवायची?" मी म्हटलं, "एक." भांडून भांडून दोन राहिली: एक हिरवं आणि उंच, एक लाल आणि खोलगट, अंधारातही बोटाला कळावं असं. एवढं झाल्यावरही मला वाटलं होतं, तुम्ही एकदा तरी म्हणाल की तू बरोबर होतीस. तुम्ही डबा उलटापालटा करून पाहिलात आणि विचारलंत, "स्क्रू कुठले वापरले?"

आता माझं काय चुकलं तेही ऐका. पहिल्या पगारवाढीत तुमच्यासाठी टचचा फोन आणला होता. तो वाजला की तुम्ही हिरव्या गोलावर बोट दाबून धरायचात, बोट सरकवायचं असतं हे कुठेच दिसत नव्हतं. फोन लावणारी मीच असायचे. आणि घरी आल्यावर मीच चिडले, "इतकं सोपं आहे, अब्बा!" तुम्ही फोन कपाटात ठेवून दिलात आणि जुनाच वापरलात. त्या फोनचीही बाजू मी घेणार नाही. तो वाईटच बनवला होता, आणि हे तेव्हा तुम्हाला सांगायचं काम माझं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. तुमचा नंबर अजून माझ्या फोनात आहे. पोरं विचारतात, अम्मी, हा काढत का नाहीस? मी सांगते, कसा काढायचा ते मला येत नाही. येतं, अब्बा.