दुसऱ्या सहीचा मानकरी

तीर्थस्वरूप आत्येस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कमरेने परवानगी दिली तेवढाच वाकलोय, उरलेला मनातून समजून घे.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांच्या ऑपरेशननंतर अक्षर दिसायला लागलं का, की अजून शेजारीणबाईच पत्रं वाचून दाखवतात? बोटांचं कसं आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस (म्हणजे तू सांगितलंस आणि त्यांनी लिहिलं), की वर्षभरात हातात पेन धरता आलेलं नाही, साधी सहीसुद्धा होत नाही. हे मी मुद्दाम पुन्हा लिहून ठेवतोय, पुढे त्याची गरज पडणार आहे. शेजारीणबाईंनाही नमस्कार. बाई, कंसातलं वाचायचं की गाळायचं हे तुमच्यावर सोडलं असतं, पण गाळलंत तर आत्याला कळेल. तिला कंस ऐकू येतात.

इकडे सगळं ठीक. बायको माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तब्येतीने उत्तम आहे. रागाचं कारण ती ढाल. होय, तीच, बारा वर्षांपूर्वीची. मी ती बैठकीत टांगली होती; गेल्या आठवड्यात बायकोने ती उतरवून मोरीच्या दाराला अडण म्हणून लावली आणि म्हणाली की निदान काही कामाला तरी येऊ दे. आत्याला पत्र लिहिशील त्यात एकदा तरी माफी मागितलेली मला दिसू दे, मग ढाल पुन्हा भिंतीवर जाईल, असंही तिने बजावलं. मी म्हटलं, बघू. आता बघतोच आहे.

शेजारीणबाईंसाठी चार ओळी, नाहीतर त्यांना वाटेल आम्ही दोघं कसले वजनकाटे तपासायचो. एखाद्या कार्यालयासाठी संगणकाची प्रणाली बांधतात ना, ती केवढी आहे हे आमचं मोजणीदार मंडळ मोजतं. माहिती किती ठिकाणी आत जाते, किती ठिकाणी बाहेर येते, किती ठिकाणी साठते आणि किती ठिकाणी काही विचारलं जातं, हे एकेक करून मोजायचं आणि बेरीज सांगायची. त्या बेरजेवरून ठरतं की किती माणसं लागतील, किती महिने लागतील आणि कोण खोटं बोलतंय. आणि आमचा एक जुना नियम आहे. प्रत्येक प्रणाली दोघांनी मोजायची, दोन वेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. मग दोन्ही बेरजा शेजारी ठेवायच्या. शंभरात तीनपेक्षा जास्त फरक पडला तर सगळं पहिल्यापासून. नाहीतर खाली दोन सह्या. पहिली सही माझी असायची, दोन नंबरच्या खोलीतून. दुसरी आत्याची, चार नंबरच्या खोलीतून, खाली दोन ठिपके दिलेली. ओळीने दोनशे मोजण्या आम्ही अशा केल्या आणि एकीवरही तक्रार आली नाही, म्हणून मंडळाने गौरव जाहीर केला. तावांवर सह्या दोन होत्या, ढालीवर नाव एकच आलं, माझं. ढालीवर दुसऱ्या नावाला जागा नाही असं तेव्हाचे लोक म्हणाले आणि मी ते ऐकून घेतलं. आत्या पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी मोजल्या, चौदा. पुढच्याच महिन्यात तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि त्यानंतरच्या एकाही पत्रात कामाचा विषय काढला नाही. असो. (बाई, हा ‘असो’ जरा हळू वाचा.)

आता मूळ हकीकत. यंदा मंडळाने ठरवलं की गौरव पडद्यामागच्या माणसाला द्यायचा. आमचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही दशांश म्हणतो (ते लग्नाला किती वर्षं झाली हेही दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतात), त्यांनी सुचवलं की बारा वर्षं निमूटपणे दुसरी मोजणी करणाऱ्या माणसालाच का देऊ नये. टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला, समारंभ येत्या शनिवारी चार वाजता ठरला, ढालही करायला टाकली. मग ढालवाल्याने नाव विचारलं, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. तू गेल्यावर चार नंबरच्या खोलीत दशांश कुणाला तरी बसवत असतील असं मी धरून चालत होतो. दशांश धरून चालले होते की ती सोय मी केली आहे. कपाटांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या कपाटबाई संध्याकाळी माझी फाईल चार नंबरच्या ट्रेमध्ये ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजलेली उचलायच्या. त्यांना वाटायचं कोणीतरी मुख्य कार्यालयातून येऊन जातं. बारा वर्षांत तीनशे अकरा मोजण्या झाल्या, आणि करणाऱ्याला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. मोजणाऱ्या लोकांची ही गत. डोक्याला हात लावायची वेळ आली, पण लावून उपयोग नव्हता.

मी म्हटलं, सोपं आहे, शिफारसीचा अर्ज त्याच ट्रेमध्ये ठेवू, माणूस भरून देईल. ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटबाईंनी अर्ज आणून दिला. नावाची जागा कोरी होती, पत्त्याची कोरी, छायाचित्राचा चौकोन कोरा. ‘मापनाच्या क्षेत्रातील विशेष योगदान’ यापुढे आम्ही अर्धं पान मोकळं सोडलं होतं (मी स्वतःच्या वेळी पुरवणी जोडली होती), तिथे एकच शब्द होता: ‘एक’. खाली सही, आणि सहीखाली दोन ठिपके.

आत्या, ठिपके काय, निम्मी दुनिया सहीखाली देते. मी मनाची तशी समजूत घातली आणि जुने ताव काढून बसलो. तीनशे अकराच्या तीनशे अकरा. माझी बेरीज चारशे बारा, तर दुसरी चारशे तेरा. माझी नव्वद, तर दुसरी एक्क्याण्णव. प्रत्येक तावावर एक जास्त. शंभरात तीनच्या आत बसत होतं म्हणून बारा वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही, उलट आमची मोजणी किती काटेकोर म्हणून मी मिरवत आलो. तो जास्तीचा एक दर वेळी ‘विचारणा’ या रकान्यात होता, आणि दर वेळी त्याच्यापुढे तेच दोन शब्द होते: ‘दुसरं कोण?’ अशी विचारणा एकाही प्रणालीत नव्हती. मी स्वतः मोजलं होतं ना. 

तरी खात्री करायची म्हणून जवळातली जवळ प्रणाली गाठली, पाणी आलं नाही की तक्रार नोंदवतात त्या खिडकीवरची. तिथल्या खिडकीवालीला अमुक विचारणा दिसते का असं अडखळत विचारलं. ती मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. म्हणाली, येते की, दुपारी खिडकीवर कोणी नसलं की येते, मोठं बटण दाबलं की जाते, आम्हाला वाटलं तुमच्याकडूनच टाकलेली आहे. मग आम्ही दोघं वाट बघत बसलो. तिने स्वेटरची एक ओळ विणून होईपर्यंत पडदा काळा झाला, आणि मधोमध पांढऱ्या अक्षरात आलं: दुसरं कोण? खाली उत्तराला जागा. मी माझं नाव टाइप केलं. ते पुसलं गेलं आणि पुन्हा तेच आलं. मी दशांशांचं टाइप केलं. पुन्हा तेच. मी माझं नाव हुद्द्यासकट टाइप केलं.

खिडकीवाली सुया न थांबवता म्हणाली, “साहेब, दुसरं कोण म्हणतंय ते. तुम्ही परत परत पहिलंच सांगताय.”

माझं बोट तुझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर गेलं होतं, आत्या. शपथेवर सांगतो. पण मागे एक गृहस्थ रिकामी बादली घेऊन येऊन उभे राहिले (पुरावा म्हणून आणली असावी), आणि मी मोठं बटण दाबून बाहेर पडलो.

त्यानंतर मी तेच केलं जे शहाण्या माणसाने आधी करायचं असतं. सकाळी नऊला डबा घेऊन चार नंबरच्या खोलीत जाऊन बसलो. खोली तू सोडलीस तशीच आहे: मागच्या भिंतीवर उघडणारी खिडकी, एक टेबल, एक खुर्ची, पंख्याला तीन वेग आणि तिन्ही सारखेच. खुर्ची तुझ्या उंचीची, म्हणजे माझे गुडघे हनुवटीला लागले. ती फिरवून वर घेतली. ग्रंथालयाच्या प्रणालीची फाईल समोर ट्रेमध्ये ठेवली. माझी बेरीज एकशे चौसष्ट, दुसऱ्या मोजणीचा ताव कोरा. दिवसभर मी त्या फाईलवरून नजर हलवली नाही. उठलो नाही, झोपलो नाही. (मी झोपलो की दोन भिंतींपलीकडे कळतं, बायको साक्षीला आहे.) कोणी आलं नाही, दार वाजलं नाही. फक्त जेवणाच्या सुमाराला खोलीत कोणीतरी मनातल्या मनात आकडे म्हणतंय असं वाटलं. ऐकू काही येत नव्हतं, पण तू मोजायचीस तेव्हा अशीच शांतता व्हायची. चार वाजता कपाटबाई आल्या, फाईल उचलली, आणि त्यांच्या बोटाला शाई लागली. ताव भरलेला होता. एकशे पासष्ट, सही, दोन ठिपके, अजून ओले. आणि माझे गुडघे पुन्हा हनुवटीला लागले होते. खुर्चीचे आटे झिजले असतील, मी नाही म्हणत नाही.

दशांश म्हणाले की मीच भरलं असण्याची शक्यता त्र्याहत्तर पूर्णांक चाळीस टक्के आहे. मी माझे हात दाखवले. माझ्या पेनात निळी शाई असते, ही काळी होती. ते त्यांनी उलटेपालटे करून बघितले, मग म्हणाले की समारंभ पुढे ढकलता येणार नाही, मंडप सांगून झाला आहे.

तर इकडची हालहवाल ही अशी. थंडी बेताची आहे. तू पायात मोजे घालत जा, ऑपरेशननंतर डोळ्यांना धूर लागू देऊ नकोस, आणि कामाचं मनाला लावून घेऊ नकोस. लहानाचा मोठा तुझ्या हाताखाली झालो, आता आणखी काय लिहू. शेजारीणबाईंचे उपकार आहेत.

तुझा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. सोबत गौरव स्वीकारायला तुझ्या संमतीचा अर्ज जोडला आहे. सही होत नसेल तर अंगठा चालेल, शेजारीणबाई साक्षीदार म्हणून सही करतील. शनिवारी यायला जमलं तर फारच बरं. गाडी पाठवतो, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. नव्हे, व्यासपीठावर ठेवतो.

ता. क. दुसरा. विचार करायला वेळ घे असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर ढालवाल्याला मी काल नाव देऊन टाकलं आहे. तुझं. मंडळाला सांगितलं की दुसरी सही पहिल्यापासून तुझीच होती. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही. पहिल्या दोनशेंपुरतं खरं आहे, आणि तेवढं मला बारा वर्षांपूर्वी सांगता आलं असतं.

ता. क. तिसरा. हे पाकीट दोन दिवस उशिरा मिळेल. झालं असं की कुठलंही कागदपत्र बाहेर पाठवण्याआधी मोजायचं, आणि जे नसेल तिथे शून्य लिहायचं, मोकळं सोडायचं नाही, ही तुझीच सवय. तेव्हा पत्राच्या पाठीवर मी मोजणी लिहिली: तब्येतीच्या चौकश्या तीन, उपदेश तीन, थाप एक (थंडी बेताची नाही, कडाक्याची आहे), आणि बायकोने विचारलंय म्हणून, माफी शून्य. कपाटबाईंनी मोजणीचा कागद दिसला म्हणून सवयीने पत्र चार नंबरच्या ट्रेमध्ये टाकलं. आज दुपारी परत आलं. माझ्या आकड्यांशेजारी काळ्या शाईत दुसरे आकडे आहेत. चौकश्या तीन, उपदेश तीन, थाप एक. माफी एक. खाली दोन ठिपके.

मी पत्र पहिल्या ओळीपासून तीनदा वाचून काढलं. माफी कुठेच सापडली नाही. पण दुसऱ्या मोजणीवर आजवर एकही तक्रार आलेली नाही, आणि बेरीज जुळल्याशिवाय कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही हे तूच शिकवलंस. शेजारीणबाई, पुढचं जरा मोठ्याने वाचा.

आत्या, त्या ढालीवर तुझं नाव हवं होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. माझं चुकलं.