बाबांच्या कोटातली धूळ

आई,

सुकवलेली पर्सिमनची फळं पोचली, बाबांचा गोदीतला जुना कोटही पोचला. ओसाकात पोरगी गारठेल म्हणून पाठवलास ना? जाड आहे, छान आहे.

अजून अंगात घातला नाही. शिवणीत धूळ दिसली, म्हणून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्यात बसवायच्या आमच्या रंगाच्या काचेतून सुताचा धागा तिरपा ठेवला की निळा दिसतो. धुळीतले सरळ, बारीक तंतू तसेच तिरपे असून पिवळे दिसले. काच उलटी बसली असेल, असं मनाला समजावलं आणि शेजारी सुताचा धागा ठेवला. तो निळाच. म्हणजे काच बरोबर होती, आणि असा उलटा रंग दाखवणारा हा ॲस्बेस्टॉस. बाबा जहाजांच्या बॉयलरला थापायचे तो, श्वासातून फुप्फुसात रुतून बसणारा.

बाबा म्हणतील, "मी जरा खोकलो की हिला भुतं दिसतात!" म्हणू देत. सोमवारी त्यांना डॉक्टर कुबोतांकडे घेऊन जा. कोटाचं मी बघते.

घाबरू नकोस. एवढंच कळव, घरात धूळ नको म्हणून तू रोज संध्याकाळी दारात उभी राहून त्यांचे कपडे झटकायचीस, तेव्हा तोंडाला काही बांधायचीस का?

नंबर मी दोघांचा लावलाय.

तुझी
चिसातो