मराठीच्या पेपरातला भोपळा

गुरुजी, सातवीच्या गणिताच्या पेपरावर तुम्ही लाल शाईने काढलेला भोपळा मला अजून दिसतो. चांगला गोल, पेन न उचलता काढलेला. 'घरी दाखवजो,' एवढंच म्हणालात. मी तो घरी दाखवला नाही आणि शाळेतही परत गेलो नाही. पुढे नांदुऱ्याला जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहिले, मग काट्यावर वजनं लिहिली. त्यातच केस पिकले. आता ऐका, मी विद्यापीठात शिकतोय.

मुक्त विद्यापीठ आहे. शाळा सुटलेल्यांनी आधी पूर्वतयारीची परीक्षा द्यायची, ती निघाली की बी.ए.ला नोंदणी. मला आता सगळं समजतं. वर्षाची दोन सत्रं, प्रत्येकाची नोंदणी वेगळी, तारीख चुकली की सत्र गेलं. विषयाला क्रेडिट असतात, म्हणजे त्याला किती तास द्यायचे याचं माप. निकालात मात्र श्रेणी येते, आणि पहिल्याच सत्रात तिने माझी झोप उडवली.

निकालाचा कागद छापून आणला. इतिहासाला बी, अर्थशास्त्राला सी आणि मराठीला शून्य. शेजारी दहाचा आकडा. शंभरात दहा, की दहापैकी शून्य, काही उमगेना. मराठीला, गुरुजी! दुसऱ्या सत्राच्या नोंदणीला तीन दिवस उरले होते. त्यातले दोन मी घरात बसून काढले. वाटलं, आपल्या नशिबी तोच भोपळा आहे, पुरे झालं शिक्षण.

"काऊन हो, भाकर काऊन टाकली?" बायकोने विचारलं.

"पोट भरलं."

"पोट नाई, डोकं भरलं तुमचं. त्या सेंटरवरच्या बाईले विचारून या. नाई त मीच जातो तुमचा कागद घेऊन."

ती खरंच गेली असती, म्हणून तिसऱ्या दिवशी मीच गेलो. अभ्यासकेंद्रातल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला.

"आबाजी, शून्य कुठी हाय?"

"हा काय, मराठीले."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अवो, हा ओ हाय, इंग्रजीतला ओ! साऱ्यात वरची श्रेणी. दहा म्हंजे दहापैकी दहा. मले सोताले कधी भेटला नाई थो."

"मंग नापासाले काय लिहितात?"

"एफ. दिसते का कुठी?"

मी पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. "नाई."

"मंग बसा न फॉर्म भरा. आज शेवटचा दिवस हाय."

भरला. बाई भरून देत होत्या, पण मी म्हटलं, राहू द्या, मले येते. विषयांचे संकेतांक तेवढे दोनदा तपासले. आता मला कोणी श्रेणी विचारली तर मी समजावून सांगतो, कधी कधी न विचारताही.

तुम्ही तर आता नाही, हे पत्र कुठे टाकणार? मराठीच्या पुस्तकात घालून ठेवतो. एक मात्र सांगायचं राहिलंय. गुरुजींनी मारलं म्हणून शाळा सुटली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. तुम्ही बोटही लावलं नव्हतं. उलट दोनदा घरी आलात. दुसऱ्या वेळी ओट्यावर उभं राहून माझ्या मायला म्हणालात, "त्याले सांगा, एका भोपळ्यानं काई होत नाई. उद्या ये म्हना." माय म्हणाली, पोरगा वावरात गेला. मी वावरात नव्हतो, गुरुजी. आतल्या खोलीत कापसाच्या गंजीमागे बसलो होतो, आणि मला सगळं ऐकू येत होतं.