नळ्यांच्या वरचा दगड

त्रेबिन्ये,
२३ नोव्हेंबर १९८६

प्रिय रुझाताई,

तुझं पत्र आणि आईसाठीची लोकर मिळाली. रंग तिला आवडलाय, पण व्हिएन्नाचा भाव ऐकून उगाच बडबडतेय. माझं अक्षर आज वाकडंतिकडं आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

ताई, माझा किडा मी उघडलेला पाहिला!

हसू नकोस. आपल्या पोपोवोच्या गुहांत दगडाला चुन्याच्या नळ्या चिकटलेल्या असतात ना, त्यांत राहणारा तोच. आजवर बाटलीतल्या स्पिरिटमध्ये आक्रसलेलाच पाहिला होता. जिवंतपणी नळीतून पिसांचा तुरा बाहेर काढतो. त्यानेच श्वास घेतो, त्यानेच अन्नाचे कण धरतो. त्यातल्याच एका काडीच्या टोकाला बोंडासारखं झाकण. जरा धक्का लागला की आत जाऊन दार बंद! दाराचा घाट आणि अंगावरचे राठ केस पाहिले, तर जवळचे नातलग नदीमुखांच्या मचूळ पाण्यातले वाटतात. मग हा एकटाच समुद्र सोडून डोंगराच्या पोटात कसा शिरला? या प्रश्नाने माझी झोप उडालीय.

तू विचारशील, तो दार उघडेपर्यंत थांबायला तुला सवड कुठून मिळाली?

सांगते. शेजारच्या इलियाबरोबर गुहेत उतरले होते. वर पाऊस झाला आणि खालून पाणी चढू लागलं. आम्ही एका रुंद कपारीवर चढलो. इलियाने बसकणच मारली. "झकास जागा आहे. रकियाची बाटली तेवढी राहिली घरी."

मी भिंतीवर दिवा फिरवला. "इलिया, ऊठ. वर चल."

"बाई गं, तुझे किडे उद्या बघ!"

"अरे, त्यांच्या नळ्या आपल्या डोक्याच्या वर आहेत. पाणी पोचत नाही तिथे ते घर बांधत नाहीत."

तो एकदम उठला. चढताना माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हे पत्र डाव्या हाताने लिहितेय. इलियाने मला कोरड्या, उघड्या दगडापर्यंत ओढत नेलं. पाण्याने कपार गिळली, नळ्या बुडवल्या आणि ते आमच्या पायांखाली थांबलं. मग दिव्याच्या उजेडात एकेक दार उघडलं, पांढुरके तुरे बाहेर आले. मला हसूच फुटलं.

"हात मोडलाय आणि हसतेस काय?"

"बघ ना, जेवायला बसलेत."

पाणी उतरल्यावर आम्ही आपल्या पायांनी बाहेर आलो.

आता जे लिहायला इतका वेळ लावला ते. ती कपार तीच. आपला ओग्नेनदादा तिथेच बुडालेला सापडला होता. प्यायला असेल, धांदरटपणा केला असेल, असं लोक म्हणाले, तूही म्हणतेस. पण ताई, ती जागा अगदी सुरक्षित दिसते. गुहांत मुरलेला इलियासुद्धा तिथेच बसला होता.

आईला सांगितलं. बराच वेळ लोकर कुरवाळत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे पोराचं चुकलं नव्हतं."

हात बरा झाला की मी पुन्हा उतरणार आहे. रागवायचं तर माझ्यावर खुशाल रागव. त्याच्यावरचा राग मात्र आता सोड.

तुम्हा दोघांची धाकटी,
स्ताना