बोटं ऑगस्टची, कागद नोव्हेंबरचा

सोम. ४ मार्च ५७, लालबाग
विमा कचेरीचं पत्र आलं. अपंगत्व मंजूर. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळची, मुळापासून नाहीत हे साहेबांना पटलं. दरमहा रक्कम मिळणार, पण १२ नोव्हेंबरपासून. ऑगस्ट ते नोव्हेंबर, मागचे तीन महिने, नामंजूर. त्या काळात अपघाताची नोंद नाही म्हणे.

तीनदा वाचलं. गुरुजी म्हणायचे, ओळीत यती असतो, तिथे श्वास घ्यावा. या पत्रात यती कुठे नाहीच. एका दमात नामंजूर.

त्याच तीन महिन्यांत हिच्या पाटल्या गेल्या. ही म्हणाली, "आता चाल लावून म्हणा ते पत्र."

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर बिगरीतल्या पोरासारखं. लहानपणी पाटीवरची पेन्सिल डाव्या हातात धरली म्हणून गुरुजींनी ह्याच हातावर छडी मारली होती. आज असते तर वही दाखवली असती.

मंगळ. ५ मार्च
खरं काय ते इथे तरी लिहून ठेवावं.

ऑगस्टात, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाच्या दिवशी, माझी रजा होती. शेजारच्या खोलीतल्या सखारामची गिरणीत दुपारची पाळी. आमच्याच गावचा, मुलासारखा. मोर्चाला जायला तडफडत होता. मीच म्हटलं, "तू जा. माझे पाय चालायचे नाहीत, माझ्या वाटचंही तूच ओरड. तुझ्या साच्यावर मी उभा राहतो."

आमच्या विणकाम खात्यात यात नवं काही नाही. भावाच्या तिकिटावर भाऊ, मामाच्या तिकिटावर भाचा. लग्न असो, मयत असो. जॉबर, आमचा मुकादम, तिकडे बघत नाही. हजेरी पितळी तिकिटाची लागते, माणसाची नाही.

चारच्या सुमारास दातेरी चाकात हात गेला. साच्यांच्या खडखडाटाला एक ताल असतो, त्यावर मी आर्या म्हणत होतो, आणि मात्रा बोटांवर मोजत होतो. जुनी खोड. हे कोणाला सांगितलं नाही. हिलाही नाही.

सखा तिकडे फोर्टात घोषणा देत होता आणि कागदावर साच्यापाशी हजर होता. पुढे दगडफेकीच्या खटल्यात पोलिसांनी त्याला गोवलं तेव्हा ह्याच हजेरीने तो सुटला. त्याच बुकात त्याच दिवशी मी रजेवर.

महाराष्ट्रासाठी माझी दोन बोटं गेली. महाराष्ट्र अजून यायचाय. आणि ही गोष्ट मला कुठे बोलायची सोय नाही.

गुरु. ७ मार्च
जॉबरला गाठलं. नोव्हेंबरची युक्ती त्याचीच. कामावर परत गेलो त्या दिवशी त्याने मला माझ्या स्वतःच्या तिकिटावर उभं केलं आणि तासाभरात अपघातबुकात लिहिलं: दोन बोटं गेली. गिरणीच्या डॉक्टरने पट्टी सोडून बघितलंसुद्धा नाही, सही ठोकली.

आज म्हणतो, "तात्या, तुमची गेलेली बोटं मी दुसऱ्यांदा कापून दिली. आणखी काय पायजे? मिळतंय ते गप खा."

उपकार खरेच. पण ते तीन महिने मी भिंतीकडे तोंड करून काढले. ठणका माझा होता. तो कोणाच्या तिकिटावर?

सोम. ११ मार्च
विमा कचेरीत गेलो. खिडकीवरचा कारकून तरुण, गोड बोलतो. "आजोबा, अपील करा. पुरावा जोडा, मागची बाकी सुटेल."

पुरावा! ट्रंकेत होताच. इस्पितळाचा कागद, ऑगस्टची तारीख, गोल शिक्का, दोन्ही बोटांची नावं. हाताशी असून इतके महिने सुचलं नाही.

दुपारभर बसून अपील लिहिलं. चार पानं. कारकुनाने वाचलं, हसला. "काव्य जरा कमी करू या का?" सूर्य ढगाआड गेला तरी, वगैरे ओळ त्याने खोडली. चांगली होती. कागद मात्र मी स्वतः टाचणी लावून जोडला.

परत येताना परळ नाक्यावर उगाच थांबलो. शाळेत कविता बिनचूक म्हटली की गुरुजी सदऱ्याच्या खिशातून खडीसाखर काढत. तसं वाटत होतं.

सोम. १ एप्रिल, पाडवा
आजपासून नवे पैसे. वाण्याकडे भांडणं. आणा म्हणजे किती ते कोणालाच उमगत नाही. ही म्हणते, "आपल्याला काय, जुनेही नव्हते."

सखा रोज पहाटे आमच्या दोन बादल्या भरून दाराशी ठेवतो. ऑगस्टपासून एक दिवस खाडा नाही. त्यावर तो कधी बोलला नाही, मी कधी नको म्हटलं नाही. आज बादलीवर आंब्याचा डहाळा ठेवलेला. "तात्यानू, पुढच्या पाडव्याक मुंबय आपली!"

म्हटलं, "आणि माझी मागची बाकी?"

हसला. मग हसायचा थांबला.

शुक्र. १२ एप्रिल
अपिलाचा निकाल. त्यात लिहिलंय:

तुमच्याच कागदाप्रमाणे बोटं ऑगस्टात तुटली. मग नोव्हेंबरात कुठली तुटली? आणि ऑगस्टच्या त्या तारखेला तुम्ही रजेवर होता. सबब अपघात कामावरचा नव्हे. मासिक रक्कम बंद. दिलेली परत का घेऊ नये, याचा खुलासा २३ तारखेस समक्ष येऊन करावा.

म्हणजे मीच. स्वतःच्या हाताने. टाचणीसुद्धा मीच लावली.

जॉबर खोलीवर येऊन ओरडून गेला. "चाळीस वर्षं गिरणीत काढली आणि कागदाला कागद भिडवायचा नसतो एवढं कळलं नाय? अहो, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाने गिरणीत येऊ नये!"

हिने पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवलं.

रवि. १४ एप्रिल
पहाटे सखाने बादल्या ठेवल्या. हिने दोन्ही उचलल्या आणि त्याच्या देखत मोरीत ओतल्या. "पाणी नको आम्हाला. तिकीट कोणाचं होतं ते सांग जाऊन साहेबाला."

अख्ख्या मजल्याची दारं किलकिली झाली. सखाची बायको इंदू बाहेर आली, तिच्या मागे तिन्ही मुली, वेण्या अर्ध्या घातलेल्या. इंदू म्हणाली, "काकी, ह्येंची नोकरी जातली. नि परत खटलो."

ही म्हणाली, "आणि ह्यांची बोटं? ती काय गावाला गेलीत?"

मी आतच बसून राहिलो. बाहेर जायला हवं होतं. मोर्चाला जा म्हणणारा मी. आता ह्या बायका एकमेकींच्या उरावर.

सखा रिकाम्या बादल्या घेऊन पुन्हा नळावर गेला. रांगेत शेवटी उभा राहिला.

मंगळ. २३ एप्रिल
विमा कचेरी. साहेब वयस्कर, चष्मा कपाळावर. माझा हात हातात घेऊन बघितला. इतक्या महिन्यांत कचेरीतल्या कोणी पहिल्यांदाच.

"ही जखम नोव्हेंबरची नाही."

"नाही."

"चाकाची आहे. घरी दारात चेंगरून असं होत नाही. खरं ना?"

"खरं."

कारकुनाला चहा आणायला पाठवलं. मग हळूच म्हणाले, "मी गिरणगावात वाढलोय. तिकिटं कशी फिरतात ते मला सांगू नका. कोणाच्या तिकिटावर उभे होता एवढं लेखी द्या. ऑगस्टपासूनची सगळी बाकी देतो. नाही दिलंत तर माझ्या हातात काही नाही. मला कागदच लागतो."

माणूस भला. भल्या माणसाने असं कोंडीत पकडलं की शिवीही देता येत नाही.

"त्या माणसाचं काय होईल?"

"कागद गिरणीकडे जाणारच."

मुदत मागितली. १० मे दिली. त्यानंतर नाही.

बुध. १ मे
ही परळला कोणा बाईकडे डब्यांच्या पोळ्या लाटायला जायला लागली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. मला न विचारता. संध्याकाळी मनगट चोळत बसते. मला चोळता येत नाही नीट, तीन बोटांत जोर नाही.

आर्या म्हणून बघितली. मात्रा मोजायला गेलो, तिसऱ्या गणाशी हात अडतो.

गुरु. ९ मे
उद्या तारीख.

सकाळी सखा आला, आज पाळीला जायच्या कपड्यांत. गॅलरीत उभं राहून मोठ्याने, मोर्चातल्या आवाजात: "तात्यानू, उद्या माझा नाव घेवा! मी कोणाक भियत नाय! जाऊ दे नोकरी!" चाळ ऐकत होती. दोघातिघांनी वाहवा केली. जॉबरच्या पुतण्याने टाळीसुद्धा वाजवली.

मग आत आला, दार लोटलं, जमिनीवर बसला. त्याचं पितळी तिकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. आवाज अगदी खाली गेला. "थोरलीची सोयरीक ठरतासा. येत्या महिन्यात बोलणी. तारीख पुढे ढकलूक येयत काय ओ?"

"नाही येत."

"एक महिनो?"

"नाही रे."

मान हलवली. उठला. भोंगा झाला तसं तिकीट उचलून घेऊन गेला. घेऊन जाणारच, त्याशिवाय आत कोण घेतो?

दुपारी लिहायला बसलो. कोरा कागद, नवं निब. काव्य नाही, सूर्य नाही, ढग नाही. रजेच्या दिवशी दुपारच्या पाळीला मी स्वखुशीने साच्यावर उभा होतो. चाकात हात गेला तेव्हा माझं लक्ष साच्यावर नव्हतं, मात्रांवर होतं, हेही लिहिलं. पहिल्यांदाच. ही शेजारी बसून वाचत होती. मात्रांचं वाचून माझ्याकडे बघितलं, मग पुढे वाचू लागली. पुढचं वाक्य: त्या दिवशी मी अमुक यांच्या तिकिटावर होतो. अमुकच्या जागी मोकळी जागा सोडली. अडीच इंच. सखारामचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मावेल एवढी.

खाली सही केली. डाव्या हाताची.

"जागा कशाला सोडलीत?" हिने विचारलं.

"उद्या तिथे जाऊन भरीन."

"भराल?"

शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसली. मग घडी घालून माझ्या कोटाच्या खिशात ठेवला. बादल्या रिकाम्या झाल्या होत्या, त्या उचलून पहाटेसाठी बाहेर दाराशी ठेवल्या. दोन्ही.