पकडीच्या दातांची खूण

अण्णा, तुमचा खिळे-स्क्रूंचा पत्र्याचा डबा इतक्या वर्षांनी काल उघडला. तळाशी कागदाची पुडी होती आणि पुडीत तो ट्रान्झिस्टर. वाटाण्याएवढा, तीन पायांचा, जळलेला. मी लगेच ओळखला.

चौसष्ट-पासष्ट साल असेल, मी सातवीत होते. शाळेच्या प्रदर्शनासाठी बाकीच्या मुली धरणं आणि ज्वालामुखी करत होत्या. तुम्ही म्हणालात, "आपण सिटी बसची घंटा करू." कंडक्टर छताजवळची दोरी ओढतो, ती. कोकोच्या डब्याला लाल रंग दिला. आत बॅटरी, तारा, छोटा स्पीकर. दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की निघा. आवाज यायच्या आधीपासूनच मल्लेश्वरमच्या त्या स्वयंपाकघरात आपली बस सुरू झालेली. तुम्ही पाटावर बसून बस थांबवायला "होल्डान!" ओरडता, मी दोरी ओढते, आणि आई पोळी लाटता लाटता म्हणते, "अहो कंडक्टर, मला बाजारात उतरवा. तुमच्या बसमध्ये फार उकडतंय."

तुमची ताकीद एकच. ट्रान्झिस्टरच्या पायाला कथलाचा डाग देताना तो पाय पकडीत धरायचा, म्हणजे उष्णता पकडीत उतरते. नाहीतर तो आतून जळतो आणि वरून काही कळत नाही. तुम्ही कारखान्यात होतात आणि मला संध्याकाळपर्यंत धीर नव्हता. पक्कड जड, हात दोनच. तशीच जोडणी केली. घंटा वाजली नाही.

"पक्कड लावली होतीस ना?"

"हो."

शनिवारी आपण तो ट्रान्झिस्टर घेऊन चिकपेटेतल्या बोळातल्या, तो जिथून आणला होता त्या रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार काका मराठीच, पण तीन पिढ्या इथल्या कानडी मुलखात मुरलेले. तुम्ही दोघं त्यांच्या बाकावर कॉफी पीत तासन्‌तास रेडिओबद्दल बोलायचात. त्या दिवशी तुम्ही बसला नाहीत.

"राव, स्वल्प बसा तरी. माझा माल कधी खोटा निघालाय?"

"माझी मुलगी खोटं बोलत नाही," तुम्ही म्हणालात.

काकांनी ट्रान्झिस्टर डोळ्यांजवळ नेला, बोटांत फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग तो तुमच्या हातात परत ठेवला आणि खणातून दुसरा काढून दिला. "अक्का, याचे पाय जप हं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या वेळी पक्कड तुम्ही धरलीत. घंटा वाजली, आईने टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण त्या दुकानात तुम्ही पुन्हा कधी गेला नाहीत. मला वाटत राहिलं, तुमचा काकांवरचा राग गेला नाही.

काल ते पाय उजेडात धरले. तुम्ही जोडलेल्या प्रत्येक पायावर पकडीच्या दातांची बारीक खूण असते; हे गुळगुळीत आहेत. काकांनी ते तेव्हाच पाहिलं होतं. तुम्हीही घरी आल्यावर केव्हातरी पाहिलं असणार, नाहीतर पुडी कशाला बांधली असती? म्हणजे तुम्ही गेला नाहीत ते रागाने नाही. माफी मागायची तर मला खोटं पाडावं लागलं असतं. माझ्यापायी तुम्ही तो बाक सोडलात.

आज सकाळी चिकपेटेत जाऊन आले. तिथे साड्यांचं दुकान आहे, जुन्या मालकांचं कुणालाच माहीत नाही. अण्णा, पक्कड लावली नव्हती. आणि हे पत्र खरं तर तुम्हाला नाही, काकांना लिहायला हवं होतं. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही.